बदली

“अप्पा, तो रुमाल उचला बरं आधी. हे काय एसटीचं सीट आहे?”

अंतराचा आवाज तसा बारीक, पण सकाळच्या थंडीत तो साऱ्या बागेत ऐकू गेला. अंबडच्या नगरपालिकेची ही लहानशी बाग. तिच्या एका कोपऱ्यात चार वर्षांपूर्वी पिवळ्या-निळ्या रंगाची व्यायामाची यंत्रं रोवली होती आणि त्या कोपऱ्याला सगळे ‘ओपन जिम’ म्हणत. उभ्यानं पाय हलवायचं यंत्र होतं, बसून पायडल मारायची सायकल होती, कंबर फिरवायची चकती होती. पण खांद्याचं चाक मात्र एकच. खांबावर बसवलेलं, परातीच्या दुप्पट मोठं, कडेला धरायला मूठ. त्या मुठीला अप्पारावांचा चौकड्यांचा रुमाल बांधलेला होता आणि अप्पाराव स्वतः पलीकडच्या बाकावर बसून, पुतणीच्या लग्नपत्रिकेत कोणाचं नाव कोणाच्या वर घालायचं ते फोनवर ठरवत होते.

त्यांनी फोनवर हात ठेवला. “रुमाल टाकला म्हंजे जागा धरली. साऱ्या मराठवाड्यात चालतंय हे. तुझ्यासाठी कायदा बदलायचा का?”

“जागा धरून वीस मिनिटं झाली. मला बँकेत पोचायचंय.”

“मंग मी काय इथं झाडं मोजायला आल्तो? मी बी व्यायामालाच आलोय.”

“करून राह्यले की व्यायाम,” चकतीवर उभी असलेली बेबीनंदा तिथूनच म्हणाली. “जिभेला किती घाम आलाय बघा अप्पांच्या.”

दोघं-चौघं हसले. अप्पाराव म्हणजे कोर्टातले पट्टेवाले. तीस वर्षं न्यायाधीशांच्या दाराशी उभं राहिलेले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी चारचौघांत कोणी हसलेलं त्यांना चालत नसे. त्यात अंतरानं रुमालाची गाठ सोडली आणि रुमाल बाकावर नेऊन ठेवला. ठेवलाच, फेकला नाही. पण अप्पारावांना तो फेकल्यासारखाच दिसला. ते तरातरा आले आणि त्यांनी चाकाची कड धरली. मूठ अंतराच्या हातात होतीच. चाक थोडं इकडं, थोडं तिकडं हलायला लागलं.

रांगेत तिसरी दैवशाला होती. सदुसष्ट वर्षांची, उंच, उजवा हात पदरात गुंडाळून पोटाशी धरलेली. सलग तीन दिवस ती या चाकासाठी येत होती आणि तिन्ही दिवस हात न लावता परत गेली होती.

“सोडा,” ती म्हणाली. “दोघं बी सोडा. पाळीनं घ्या.”

आवाज मोठा नव्हता, पण दोघांनीही हात काढले. का काढले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. अंतरा याच गावातल्या जिल्हा परिषदेच्या कन्याशाळेत शिकली होती, आणि अप्पारावांच्या दोन्ही मुली तिथंच शिकल्या होत्या. त्या शाळेत दैवशाला चौतीस वर्षं शिपाई होती. घंटा तीच द्यायची.

“मी मोबाईलवर पाच मिनिटं लावते,” अंतरा म्हणाली. “वाजला की उतरायचं.”

“मोबाईलचं मी ऐकत न्हाई. तुझा मोबाईल, तुझ्याच बाजूनं वाजंल.”

“मंग माझं ऐका,” दैवशाला म्हणाली. “मी सांगते.”

अप्पारावांनी तिच्या डाव्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळ नव्हतं. “कशावरून सांगणार?”

“सांगते म्हणलं ना. धरा चाक.”

त्यांनी चाक धरलं. दैवशालानं डोळे अर्धवट मिटले आणि ओठांतल्या ओठांत सुरू केलं. बे एके बे. बे दुणे चार.

*

तिच्या शाळेत घड्याळ होतं, पण ते चार वाजून दहा मिनिटांनी थांबलेलं होतं. कोणत्या वर्षी थांबलं ते कोणालाच माहीत नव्हतं. मोठ्या बाई कार्यालयातूनच विचारायच्या, “दैवशाला, तास झाला का गं?” आणि ती म्हणायची, “व्हायलाच आलाय, बाई.” मग पायऱ्या उतरून कडुनिंबाखाली जायची. तिथं रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा तारेनं टांगलेला होता. त्याच्यावर लोखंडी गज मारला की टोला पार बाजारपेठेपर्यंत जायचा. बाजारातले लोक म्हणायचे, मधली सुट्टी झाली, चला, चहा सांगा.

ती स्वतः दुसरीपर्यंत शिकलेली. पुढचं सगळं तिनं भिंतीच्या बाहेरून ऐकलं. चौथीच्या वर्गाबाहेरची पायरी ही तिची जागा. आत पंचेचाळीस मुली एका सुरात पाढे म्हणायच्या, बाहेर ती पायरीवर उन्हाचा तुकडा सरकताना बघायची, आणि पाढे तिच्या अंगात मुरत गेले. बे ते वीस सावकाश, मुलींच्या चालीत म्हटले की पाच मिनिटं होतात. असे सात वेळा म्हटले की एक तास. शाळेतला तास पस्तीस मिनिटांचा असतो, हे तिला फार उशिरा कळलं. तिला वाटायचं, तास म्हणजे तासच. बाहेरचं घड्याळ चालतं तसं चालो.

एक सतराचा पाढा तेवढा तिला पुरता येत नव्हता. चौथीच्या बाई पाढ्यांना तास संपता संपता बसवायच्या, आणि सतरा पंचे पंच्याऐंशी झालं की दैवशालाला उठावंच लागायचं, घंटेसाठी. तिनंच टोला द्यायचा आणि तिच्याच टोल्यानं पाढा तुटायचा. दुसऱ्या दिवशी बाई एकदम अठरापासून सुरू करायच्या, त्यामुळं सतराचं पुढचं तिनं कधी ऐकलं नाही. कोणाला विचारावं असंही वाटलं नाही. तेवढ्या जागी ती नुसतं हं, हं, हं, हं, हं करायची, पाच वेळा, आणि अठराला लागायची.

त्या सकाळीही तिनं तसंच केलं. वीस दाहे दोनशे झालं आणि तिनं डोळे उघडले.

“पाळी!”

बेबीनंदा चकतीवरून पडायचीच बाकी होती. “अगं माय! साऱ्या बागेत पाळी पाळी काय वरडतीस? आपली कवाच गेली, आता गड्यामाणसांची आणतीस का?”

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. अप्पाराव कान लाल करून आभाळाकडे बघायला लागले. अंतरानं मात्र फोनकडे पाहिलं. तिनं गुपचूप वेळ लावली होती. पाच मिनिटं आणि चार सेकंद.

“मावशी, हे कसं काय?” ती म्हणाली. पण दैवशालाचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. ती दुसरा शब्द शोधत होती.

“बरं मंग,” ती म्हणाली. “बदली म्हणते. बदली! चला, अप्पा, उतरा.”

हा शब्द सगळ्यांना पटला. बागेत येणारे अर्धेअधिक सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. ‘बदली’ म्हटलं की त्यांना हसू यायचं आणि पाय आपोआप उचलला जायचा. “कुठं झाली हो बदली?” “सायकलवर.” “चांगलं हाय, बसून काम.” दैवशाला मात्र हसली नाही. तिची स्वतःची बदली कधी झाली नव्हती, पण त्या शब्दाशी तिची जुनी ओळख होती. शाळेतली एक शिपाईबाई बाळंतपणाला गेली तेव्हा तिच्या जागी तीन महिन्यांसाठी आलेली ती ‘बदली शिपाई’. ती बाई परत आली नाही, आणि दैवशाला अकरा वर्षं बदलीच राहिली. हजेरीपुस्तकात तिचं नाव सगळ्यांच्या खाली, रेघ ओढून, निराळ्या शाईत असायचं. अकरा वर्षांनी ते रेघेच्या वर गेलं. त्या दिवशी तिनं मधल्या सुट्टीचा टोला दोनदा दिला होता, चुकून.

*

कार्तिकात धुकं पडायला लागलं. सकाळी सहाला बाग दुधात बुडवल्यासारखी दिसायची. आधी यंत्रांचा करकर आवाज यायचा आणि मग माणसं दिसायची. त्या धुक्याच्या मधोमध दैवशाला उभी राहायची. तिथून तिला सगळी यंत्रं दिसत आणि सगळ्यांना ती दिसे. “बदली!” म्हटलं की चकतीवरचा सायकलवर जाई, सायकलवरचा चाकावर, चाकावरचा पायाच्या यंत्रावर. भांडणं थांबली. तिनं हळूहळू इतर गोष्टीही लावून दिल्या. डोक्याला तेल थापून आलेल्यानं मूठ पुसून खाली उतरायचं. फोन आला तर बाकावर जायचं, आणि आलेली पाळी पुढच्याला द्यायची. चपला यंत्राखाली काढायच्या नाहीत, कोणीतरी अडखळतं. बियाणांच्या कंपनीत फिरतीवर असलेला आदिनाथ एकदा तंबाखू मळत सायकलवर बसला, तर ती फक्त त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं तळहात झटकला आणि म्हणाला, “सॉरी आजी, वर्गाबाहेर उभा राहू का?”

“पायडल मार,” ती म्हणाली.

निवृत्त झाल्यापासून तिला कोणी विचारलं नव्हतं, तास झाला का म्हणून. नऊ वर्षं. मुलगा राजानंद नोकरीसाठी संभाजीनगरला, आठवड्यानं यायचा. सून अक्षता जालन्याला एका खाजगी कार्यालयात. सकाळच्या बसनं जायची, संध्याकाळच्या बसनं यायची. घरात दुपार फार लांब असे. पंखा फिरे, शेजारचा कुकर शिट्ट्या मारी, आणि दैवशाला खाटेवर पडून कोणता तास चालू असेल ते मनात धरायची. आता गणित. आता हस्तव्यवसाय. आता लहान सुट्टी, मुली पाण्याच्या टाकीशी. बागेत मात्र ते मनात धरावं लागत नसे. धुक्यात उभं राहून पाढे म्हणताना तिला आपल्यामागं व्हरांडा आहे असं वाटे, लांबच लांब, गार फरश्यांचा, आणि त्याच्या टोकाला कोणीतरी फळा पुसत आहे.

बेबीनंदा एवढी एकटी तिला विचारी. “ए दैवशाले, तुझ्या हाताचं काय?”

“घेते ना. सगळ्यांचं झालं की.”

“सगळ्यांचं झालं की माळी गेटला कुलूप लावतोय.”

“एक पाळी मिळती.”

“कवा मिळाली? परवा मिळाली, काल न्हाई. हात तुझा धरलाय का त्यांचा?”

हात उन्हाळ्यानंतर धरला होता. एका सकाळी केस बांधायला वर नेला आणि तो कानाच्याही खाली अडकला, जसं काही कोणी मागून कोपर धरलं. डॉक्टर म्हणाले खांदा गोठलाय. तेव्हापासून तिचे केस अक्षता बांधत होती. दैवशालाचे केस पांढरे झाले होते, पण कमरेपर्यंत होते. वयाच्या नवव्या वर्षापासून ती स्वतःचा अंबाडा स्वतः घालायची. आरशाशिवाय, तीन पीळ आणि एक गाठ. घंटा द्यायला उठताना एका हातानं अंबाडा चाचपायचा ही सवय. आता ती सकाळी साडेपाचला पाटावर बसायची आणि अक्षता मागं उभी राहून, तोंडात काटे धरून म्हणायची, “आई, मान सरळ. आई, हलू नका.” घाईत ओढले जायचे. अक्षता वाईट नव्हती. तिला बस गाठायची असायची.

आणि पुढच्या महिन्यापासून तिच्या कामाची वेळ बदलणार होती. पाचचीच बस.

*

नव्या जालन्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर डॉक्टर कल्याणी बसायच्या. खालच्या मजल्यावर बियाणांची दुकानं, वर त्यांचा दवाखाना. महिन्यातून एकदा दैवशाला एसटीनं जायची आणि अक्षता जेवणाच्या सुट्टीत कार्यालयातून तिथं यायची.

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात बाजूनं हळूहळू वर उचलला. कंपासपेटीतल्या कोनमापकासारखं, पण लांब पट्ट्या असलेलं एक माप त्यांनी खांद्याला लावलं.

“मागच्या वेळी नव्वद होतं, आजी. आज पंच्याऐंशी.”

सतरा पंचे पंच्याऐंशी, दैवशालाच्या मनात आलं. आणि पुढं नेहमीसारखं, हं, हं.

“चाक फिरवता ना रोज? सांगितलं तसं पंधरा मिनिटं?”

“चाकापाशीच असते रोज.”

“पाशी नाही, आजी. फिरवता का?”

दैवशाला खिडकीतून बाहेर बघत राहिली. खाली रिक्षावाला पोत्यांवर बसून भेंडीच्या बियाणाचं पाकीट उलटंपालटं करून वाचत होता.

“फिरवते,” ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी माप मिटलं. “हे बघा. हा सांधा काही महिने जागा देतो. मग जिथं असेल तिथं बसतो. अजून तीनचार आठवडे आहेत तुमच्या हातात. हात पुरता वर जाईल असं मी म्हणत नाही. पण डोक्यामागं जाईल. फिरवला तर.”

जिना उतरताना अक्षतानं सासूचा डावा हात धरला होता. अर्ध्या जिन्यात ती थांबली. 

“आई, एक बोलू का? रागावू नका.”

“बोल.”

“एक तारखेपासून मी पाचला निघणार. तुम्हाला साडेतीनला उठवून बसवू का मी अंबाड्यासाठी? माझ्या ओळखीची पार्लरवाली आहे, घरी येते. इतके,” तिनं स्वतःच्या मानेपाशी बोट धरलं, “इतके केले की नुसता कंगवा फिरवला की झालं. डाव्या हातानं पण होईल. आजकाल लई जणी ठेवतात तसे.”

“हं,” दैवशाला म्हणाली.

“म्हणजे तुम्हाला त्रास नको म्हणून.”

“मला कळतंय, बाळा.”

आणि तिला कळतच होतं. ती पुढची पायरी उतरली.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. दुपारचं ऊन मांडीवर आलं होतं. कापूस वेचून झालेली रानं मागं जात होती, काळीभोर, मधेच एखादी तुरीची हिरवी पट्टी. तिचा डोळा लागला. स्वप्नात शाळा होती. सगळ्या वर्गांच्या सगळ्या मुली व्हरांड्यात रांगेनं उभ्या होत्या, आणि मोठ्या बाई विचारत होत्या, तास झाला का गं, दैवशाला? ती पायऱ्या उतरून कडुनिंबाखाली गेली. गज तिथं होता, रूळ तिथं होता. तिनं हात उचलला आणि तो वर गेलाच नाही. मुली वाट बघत होत्या. त्यांच्या वेण्यांना लाल रिबिनी होत्या. कोणी ओरडलं नाही, कोणी हसलं नाही. त्या नुसत्या वाट बघत होत्या आणि रिबिनी वाऱ्यानं हलत होत्या.

“अंबड! अंबडवाले उतरा!” कंडक्टर म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी धुकं रोजच्यापेक्षा दाट होतं. बेबीनंदाला वाटेत कालचं सगळं सांगत दैवशाला बागेत आली, सवयीनं मधोमध उभी राहिली. सगळे आपापल्या यंत्रावर चढले. चाक आज बेबीनंदानं धरलं होतं. दैवशालानं बे ते वीस म्हटलं आणि हाक दिली, “बदली!”

बेबीनंदा उतरली. रांगेत पुढं अप्पाराव होते, मग अंतरा, मग आदिनाथ. अप्पारावांनी मूठ रुमालानं पुसली. हल्ली रुमाल ते त्यासाठी वापरत.

“अप्पा,” दैवशाला म्हणाली, “आता मी घेऊ का?”

“तुम्ही?” अप्पाराव गोंधळले. “मंग बदली कोण म्हणणार?”

 ती पुढं झाली, पदरातला हात सोडवला आणि डाव्या हातानं उचलून उजवा मुठीवर ठेवला. चाक फिरलं. मूठ वर जायला लागली तसा खांद्यातून कानापर्यंत जाळ उठला. तिनं दात आवळले. मूठ खाली आली. पुन्हा वर.

बाग चालत राहिली, पण हाक नव्हती. सायकलवरचा उतरेना, चकतीवरचा वाट बघून कंटाळला. थोड्या वेळानं निवृत्त ग्रामसेवक आणि त्यांची बायको कोणाची पाळी आधी यावरून बोलायला लागले, आणि मग सगळेच बोलायला लागले.

“अहो, झाले की पाच मिनिटं!”

“कशावरून झाले?”

“आजी, सांगा की! झाले का?”

दैवशालाचं तोंड उघडलं. ‘बदली’ हा शब्द जिभेवर आलाच होता. एवढं एक म्हटलं असतं तर सगळं पुन्हा रुळावर आलं असतं. सगळे तिच्याकडेच बघत होते. कितीतरी वर्षांत तिच्याकडे एवढ्या माणसांनी एकदम बघितलं नव्हतं. तिनं तोंड मिटलं आणि चाक फिरवलं.

“तिला काय इचारता!” बेबीनंदाचा आवाज फुटला. “दोन महिने झाले, तुमच्या समद्यांच्या पाळ्या मोजून राह्यली ती. तिची कोणी मोजली का? हात बसत चाललाय तिचा. येत्या एक तारखेला तिचे केस कापायला निघालेत घरचे, कारण तिला बांधता येत न्हाईत! माहीत हाय का कोणाला?”

“बेबीनंदा, गप,” दैवशाला म्हणाली.

“न्हाई गप. लय गप बसले.”

 करकर थांबली होती. अंतरा स्वतःच्या बुटांकडे बघत होती. अप्पारावांनी रुमालाची घडी केली, ती मोडली, पुन्हा केली. मग ते चाकापासून निघाले आणि बागेच्या मधोमध, दैवशाला रोज उभी राहायची तिथं जाऊन उभे राहिले. अंगावरचा स्वेटर त्यांनी खाली ओढला.

“आज बदलीवर मी,” ते म्हणाले. “मोबाईल द्या गं कोणीतरी. मला काय पाढे येत न्हाईत.”

अंतरानं तिचा दिला. अप्पारावांनी तो डोळ्यांपासून लांब धरला आणि पडद्याकडे बघत राहिले. पाच मिनिटं झाली तेव्हा त्यांनी मान वर केली, आणि गेल्या सहा वर्षांत कोणी ऐकली नव्हती अशी त्यांची कोर्टातली हाक निघाली.

“सायकलवरचे ग्रामसेवक, चकतीवर हाजीर होऽऽ! चकतीवाल्या बाई, सायकलीवर हाजीर होऽऽ!”

पलीकडच्या झाडावरून बगळे उडाले. माणसं हसली, पण पाय उचलले. सगळं सरकलं. चाकावर पुढचं नाव अप्पारावांचंच होतं. त्यांनी घसा साफ केला.

“अप्पाराव होऽऽ!”

ते थांबले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

“अप्पाराव हाजीर हाय का होऽऽ!”

पुन्हा थांबले. दैवशाला चाक सोडायला निघाली, तसा त्यांनी हात आडवा केला.

“तीन वेळा पुकारावं लागतं, बाई. घाई करू नका. अप्पाराव होऽऽ!” मग आवाज खाली आणून, जसं काही आत कोणी लिहून घेत आहे, ते म्हणाले, “गैरहजर. पुढचं प्रकरण घ्या. अंतरा मॅडम.”

अंतरानं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. बँकेला अजून वेळ होता, पण तसा फार नव्हता. तिनं चाकाकडे पाहिलं. मूठ वर जात होती, कानाच्या पातळीला येऊन थरथरत होती, आणि पांढऱ्या पातळातली ती उंच बाई डोळे मिटून उभी होती.

“मला पुढची तारीख द्या, अप्पा,” अंतरा म्हणाली.

दैवशालानं हे सगळं ऐकलं की नाही कोणास ठाऊक. आवाज तिला लांबून येत होते, धुक्यातून, पाण्यातून आल्यासारखे. ती मोजत नव्हती. कुठंतरी तास चालू होता; कोणता ते तिला कळत नव्हतं, आणि तो कधी संपेल ते सांगायचं काम तिच्याकडे नव्हतं. दुखत होतं. जिथं दुखत होतं तिथं ती क्षणभर थांबत होती आणि मग तिथूनच थोडं पुढं जात होती.

घाईत बांधलेल्या अंबाड्यातला एक काटा निसटून सिमेंटवर टिणकन पडला. दुसऱ्यानं दम धरला नाही. पीळ उलगडले आणि पांढरे केस पाठीवरून कमरेपर्यंत आले. अशा उघड्या जागी, गड्यामाणसांसमोर, तिचे केस कोणी कधी मोकळे पाहिले नव्हते.

बेबीनंदा लगबगीनं आली. “थांब गं, बांधून देते.”

“राहू दे.”

“अगं, लोकं बघायलेत.”

“राहू दे म्हणते ना.”

बेबीनंदा काटा हातात घेऊन उभी राहिली, आणि मग काय करावं ते न सुचून तिथंच गवतावर टेकली. अंतरानं बूट काढले, ते बाजूला नीट ठेवले आणि ती तिच्याशेजारी बसली. गवत ओलं होतं. आदिनाथनं बूड टेकताना “आई गं” म्हटलं. घाई कोणाला नव्हती असं नाही, पण एकेक करत सगळी रांग खाली बसली.